थंडीची खोड वेगळी, ओलीची वेगळी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात :

जावळी खोऱ्यातल्या एका गावातून एका परिचारिका भगिनीने पत्र लिहिले आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची २०११ सालची, किकवर सुरू होणारी १०० सीसीची मोटरसायकल त्या वापरतात आणि रोज सकाळी साडेसहाला घाट चढून रुग्णालयात कामावर जातात. पावसाळ्यात आणि थंडीत पंधरा-वीस किका मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, झाली तरी पहिल्याच वळणावर बंद पडते आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर झटके देते. घाटात धुके असले, तर इंजिन चांगले तापलेले असूनही ती चढावर मिसिंग मारते. दुपारी परतताना मात्र हीच गाडी विनातक्रार येते. गॅरेजमध्ये प्लग दोनदा बदलून झाला, कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला, स्लो वाढवून झाला. आता ‘इंजिन खोलावे लागेल’ असे त्यांना सांगण्यात आले आहे. भाऊ म्हणतो, जुनी गाडी विकून टाक आणि हप्त्यावर स्कूटर घे. चोकने प्लग काळा होतो असे कोणीतरी सांगितल्यापासून त्या चोक वापरत नाहीत, आणि ओल लागू नये म्हणून रात्री गाडी जाड प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवतात. इंजिनाचे काम करावे की गाडी विकावी, हा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दुपारी हीच गाडी काही तक्रार न करता घरी येते, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच ओळीत आहे. पिस्टन आणि रिंगा झिजलेले इंजिन दुपारीही पिकअप घेत नाही, त्याच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि ऑइलची पातळी दर महिन्याला खाली जाते. यातले काहीही तुम्ही लिहिलेले नाही. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबून धरण्याची ताकद, कमी झालेले इंजिन थंडीत जास्त अडते हे खरे आहे, म्हणून ती शक्यता मी पूर्णपणे खोडून टाकत नाही आणि तिच्याकडे पुढे परत येणार आहे. परंतु इंजिन खोलणे ही शेवटची पायरी असते, आणि तुम्हाला तिच्यावर नेऊन उभे करण्यापूर्वी मधल्या बऱ्याच पायऱ्या कोणी तपासलेल्याच नाहीत, असे पत्रावरून दिसते.

‘गाडीला थंड-दमट हवा सोसत नाही’ असे तुम्ही लिहिता, तेव्हा थंडी आणि ओल ही एकाच दुखण्याची दोन नावे आहेत असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. थंडीचा त्रास मुख्यतः पेट्रोलशी निगडित असतो आणि ओलीचा त्रास मुख्यतः करंटशी. सकाळी किका मारायला लावणारी खोड एक आणि धुक्यात चढावर मिसिंग मारायला लावणारी खोड दुसरी, अशी शक्यता मला अधिक दिसते. गॅरेजमध्ये दोन्हींवर एकच इलाज होत राहिला, म्हणून कोणतीच खोड पुरती गेली नाही.

तेव्हा कोणताही भाग बदलण्याआधी आठवडाभर एक छोटी वही ठेवा, अशी माझी विनंती आहे. रुग्णाचा ताप तुम्ही तक्त्यावर जसा मांडता तसेच हे करायचे आहे. सकाळची हवा कोरडी थंड होती की ओली, किती किका लागल्या, चोक दिला होता की नाही, झटके कोठे सुरू झाले आणि कोठे थांबले, ते सपाटीवर आले की चढावर, एवढे रोज दोन ओळींत लिहा. कडाक्याची पण कोरडी थंडी असलेल्या सकाळी गाडी अडली, तर दोष बहुधा पेट्रोलच्या बाजूला आहे. पावसाळ्यातल्या उबदार संध्याकाळी, तापलेल्या इंजिनाने, सर आल्यावर गाडी अडखळली, तर दोष बहुधा करंटच्या बाजूला आहे. ही वही हातात असली की मिस्त्रींशी बोलणेही सोपे जाते, कारण ‘कधीकधी होते’ या तक्रारीवर कोणताही कारागीर अंदाजानेच हात चालवतो.

आता चोकविषयी. तुम्हाला जे सांगितले गेले ते अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या सत्यानेच तुमच्या सकाळी खराब केल्या असाव्यात. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही; त्याची वाफ व्हावी लागते. तापलेल्या इंजिनात वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग शुद्ध पेट्रोल पुरेसे होते. थंड इंजिनात मात्र आत आलेल्या पेट्रोलचा बराचसा भाग गार धातूवर थेंबांच्या रूपाने चिकटून राहतो, आणि ठिणगीपाशी पोहोचणारे मिश्रण फार पातळ होते. चोक हवेची वाट अडवून मिश्रण दाट करतो, म्हणजे त्यातले काही पेट्रोल वाया गेले तरी जळण्यापुरती वाफ उरते. थंड इंजिनाला चोक न देणे म्हणजे ओल्या सरपणावर नुसती काडी ओढत बसणे आहे. चोक काढायला विसरले तर प्लग काळा होतो, हे खरे. त्यावर उपाय चोक वेळेवर काढणे हा आहे.

सकाळी पेट्रोल कॉक उघडून, चोक पूर्ण देऊन, चावी बंद ठेवूनच दोन किका सावकाश मारा. मग चावी लावून, अॅक्सिलरेटरला हात न लावता, पूर्ण आणि ठाम किक मारा. गाडी सुरू झाली की अर्ध्या मिनिटाने चोक अर्ध्यावर आणा, निघा, आणि पहिल्या किलोमीटरच्या आसपास तो पूर्ण काढा. उभ्या गाडीला जोरजोरात रेस करून तापवण्याची सवय असेल तर ती मोडा, कारण थंड ऑइल वरपर्यंत पोहोचण्याआधी इंजिन घासत राहते. हलक्या हाताने चालवलेली गाडीच लवकर आणि सारखी तापते. फार किका मारून पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला, तर प्लग भिजला आहे असे समजा. अशा वेळी चोक काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि सात-आठ किका मारा, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर पडते.

हाच चोक तुमचे तपासणीचे पहिले हत्यारही आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. गाडी झटके देत असताना रस्त्याच्या कडेला थांबा, इंजिन चालू ठेवून चोक अर्धा द्या आणि कान देऊन ऐका. इंजिन सावरले, तर मिश्रण पातळ पडत आहे. आणखी बिघडले आणि काळा धूर दिसला, तर मिश्रण आधीच दाट आहे. मग एअर फिल्टर पाहा, कारण पावसाळ्यात भिजलेला किंवा धूळ-ऑइलने चोंदलेला फिल्टर कायम दिलेल्या चोकसारखाच वागतो. काहीच फरक पडला नाही, तर पेट्रोलची बाजू सोडून करंटकडे वळा. मला वाटते, सकाळच्या झटक्यांना तुमची गाडी चोकने सावरेल.

ती सावरली, आणि इंजिन पुरते तापल्यावरही चोकशिवाय नीट चालत नसली, तर ‘कार्बोरेटर साफ केला’ म्हणजे नेमके काय केले हे विचारा. पुष्कळदा खालची वाटी काढून पेट्रोलने धुतात आणि परत बसवतात. संथ चालीचे पेट्रोल मात्र पायलट जेट नावाच्या पितळी तुकड्यातून येते, आणि त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. जेट काढून उजेडाकडे धरला असता पलीकडे स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे; अंधूक किंवा अर्धा ठिपका दिसला, तर जेट चोंदलेला आहे. तो कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने साफ करावा. तार खुपसू देऊ नका. पितळ मऊ असते आणि छिद्र एकदा मोठे झाले की तो जेट कामातून गेला. त्याच वेळी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधली रबरी रिंग चपटी किंवा तडकलेली नाही ना, हेही पाहायला सांगा, कारण तेथून चोरवाटेने शिरणारी हवा हेच लक्षण निर्माण करते.

स्लो वाढवून देणे या इलाजाबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. गाडी थांबल्यावर बंद पडू नये म्हणून स्क्रू पिळून इंजिन पळते ठेवणे म्हणजे तापाचे कारण न शोधता तापावरची गोळी देणे आहे. अशा छोट्या इंजिनांची स्लो चाल साधारण मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असते. ती इंजिन तापलेले असतानाच आणि मूळ दोष दूर झाल्यावरच लावावी.

आता घाटातल्या धुक्याकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत धोक्याची वाटलेली गोष्ट तीच आहे. आंधळ्या वळणावर, मागून एसटी येत असताना, चढावर गाडीने दम सोडणे हा गैरसोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

ठिणगी पडण्यासाठी कॉइलमधून, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीतून, प्लगकडे जाणारा विजेचा दाब दहा हजार व्होल्टच्या आणि त्याहून वरच्या घरात असतो. एवढा दाब सतत बाहेर पडायची वाट शोधत असतो. वायरच्या आवरणाला केसासारखी चीर असली, प्लगवरची कॅप आतून तडकलेली असली किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चिखलाचा थर असला, तरी कोरड्या हवेत तो करंट कसाबसा आतल्या आत राहतो. ओलीचा पातळ थर त्या चिरेवर बसला की तो त्याच वाटेने इंजिनाच्या धातूत उतरतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडत नाही. हे चढावरच का होते, याचेही कारण आहे. अॅक्सिलरेटर पिळला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, आतला दाब वाढतो आणि त्या दाटीतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते. म्हणून सपाटीवर रमतगमत चालणारी गाडी चढावर मिसिंग मारते. शिवाय तुमच्या गाडीसारख्या आडव्या इंजिनात सिलिंडरचे डोके पुढच्या चाकाच्या अगदी मागे असते, आणि चाकाने उडवलेले पाणी-चिखल थेट प्लगवर येतात. मडगार्डचे खालचे रबर तुटले असेल तर ते आधी लावून घ्या. फार छोटी वस्तू आहे, पण पावसाळ्यात तिचे मोल मोठे आहे.

हा दोष शोधण्याची एक जुनी रीत आहे, ती अंधारात करायची असते. रात्री उघड्या अंगणात, दिवा मालवून, गाडी थंड असतानाच सुरू करा. पेट्रोल कोठे गळत वा सांडलेले नाही याची आधी खात्री करून घ्या. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घ्या आणि प्लगची कॅप, वायर आणि टाकीखालची कॉइल यांवर बारीक तुषार मारा. हात कोठेही लावू नका. त्या करंटचा झटका जोरदार असतो. दोन-तीन मिनिटे नीट पाहा आणि ऐका. करंट गळत असेल तर निळसर-जांभळा धागा वायरीवरून धातूकडे झेपावताना दिसतो, बारीक टक्‌टक्‌ ऐकू येते आणि त्याच क्षणी इंजिन अडखळते. एका आषाढात माझ्या स्वतःच्या गाडीने मला दोन महिने असेच छळले होते. तीन प्लग बदलून झाले, आणि जेथे काम दिले तेथे दर वेळी नवा भाग सुचवला जात होता. अखेर एका रात्री टाकी उचलून पाणी शिंपडले, तेव्हा वायर जेथे फ्रेमच्या पत्र्याला घासत होती, बरोबर त्या ठिकाणी तो निळा धागा दिसला. दिवसा त्याच जागी बोट फिरवूनही मला काही जाणवले नव्हते. त्यामुळे ‘वायर पाहिली, चांगली आहे’ या शब्दांवर मी तेव्हापासून विसंबत नाही.

प्लग दोनदा बदलला असे तुम्ही लिहिता, पण कॅपचा उल्लेख कोठेही नाही. चौदा-पंधरा वर्षांत ती एकदाही बदललेली नसेल तर ती बदलाच; ती स्वस्त मिळते. कॅप वायरीवरून फिरवून काढता येते. वायरीचे टोक हिरवे-काळे पडले असेल तर पाचेक मिलिमीटर छाटून स्वच्छ तांब्यावर नवी कॅप घट्ट फिरवून बसवावी आणि तिच्या रबरी तोंडाच्या आतून सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे, म्हणजे पाणी आत शिरत नाही. नव्या प्लगचा गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी उडते ती फट, हीही मापून घ्यायला सांगा. अशा अनेक गाड्यांना तो ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असेल. गॅप मोठा असला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, आणि मग थंडीतही त्रास होतो व ओलीतही. तुमच्या दोन खोडी जेथे एकमेकींना भेटतात, ती जागा हीच. जुने काढलेले प्लग टाकून दिले नसतील तर त्यांचा रंग पाहा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर मिश्रण ठीक, काजळीसारखे काळे असेल तर दाट, पांढरटफटक असेल तर पातळ.

रात्री प्लास्टिक गुंडाळण्यामागची तुमची काळजी मला समजते, पण त्याने उलटाच परिणाम होतो. जमिनीतून आणि ओल्या गाडीवरून उठणारी वाफ आतच कोंडते आणि पहाटे गार झालेल्या धातूवर दव होऊन बसते. सकाळी कागद काढताना आतल्या बाजूला थेंब दिसत असतील, तर तेच थेंब कॅपवर आणि वायरीवरही आहेत. कागदाऐवजी जुनी सुती चादर किंवा हवा खेळेल असे आवरण वरून टाका आणि खालून वीतभर मोकळे ठेवा. गाडी पडवीत लावत असाल तर उत्तमच, मात्र तेथेच इंजिन चालू करून तापवत ठेवू नका. बंदिस्त जागेतला कार्बन मोनॉक्साइड काय करतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पेट्रोलमधल्या पाण्याचीही एकदा खात्री करून घ्या. टाकीच्या झाकणाचे रबर कडक झाले असेल, किंवा झाकणाभोवतीचे पाणी वाहून जाण्याचे छिद्र बुजले असेल, तर पावसाचे पाणी आत झिरपते. ते पेट्रोलहून जड असल्याने तळाशी बसते आणि सकाळी सर्वांत आधी तेच कार्बोरेटरमध्ये येते. इंजिन थंड असताना, चूल-दिव्यापासून दूर, कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून कपभर पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळे थेंब किंवा गढूळ थर दिसला, तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. आपल्याकडे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे, आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात. म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर दमट हवेला जागा राहील अशी टाकी अर्धी रिकामी ठेवू नका.

हे सारे करूनही सकाळच्या किका कमी झाल्या नाहीत, तर इंजिनाचा विचार करा, पण तेव्हाही ते लगेच खोलू देऊ नका. आधी इंजिन थंड असताना टॅपेटची, म्हणजे झडप आणि ती उघडणारा भाग यांच्यामधली, फट मापून घ्या, कारण ती फार कमी झाली तर झडप पुरती बसत नाही आणि कम्प्रेशन निसटते. मग प्लगच्या जागी मापक लावून कम्प्रेशन पाहा. ते कमी आले तर त्याच छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मापा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर दोष बहुधा झडपांकडे आहे. हे माप घेतल्याशिवाय इंजिन उघडायला मी संमती दिली नसती.

ज्या वाचकांच्या गाड्या एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ प्रदूषण मानकाच्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांना यातला चोक आणि जेटचा भाग लागू नाही. तेथे बहुधा कार्बोरेटरऐवजी इंधन इंजेक्शन असते, थंडीत किती पेट्रोल द्यायचे हे तापमानाच्या सेन्सरवरून ठरते, आणि इंजिनाचा दिवा पेटलेला राहिला तर स्कॅनर लावूनच दोष पाहावा. करंटविषयी जे लिहिले ते मात्र त्यांनाही तसेच लागू आहे. ब्रिटनसारख्या थंड-ओल्या देशात जुनी कार्बोरेटरची गाडी बाळगणाऱ्या मराठी वाचकांना आणखी एक त्रास जाणवू शकतो : पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर इतका गार होतो की हवेतल्या ओलीचे आत बर्फ धरते, गाडी काही मैलांवर मरगळते, आणि पाच-दहा मिनिटे थांबले की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळून पुन्हा ठीक चालते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. भावाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. इंजेक्शनची नवी स्कूटर थंडीत बटणावर सुरू होईल, आणि पहाटे वेळेवर पोहोचणे तुमच्या कामात किती महत्त्वाचे आहे हे उघड आहे. पण तुमच्या मोटरसायकलची मोठी चाके घाटातल्या खड्ड्यांत जेवढी साथ देतात तेवढी स्कूटरची छोटी चाके देत नाहीत, आणि हप्ता काही वर्षे चालू राहतो. आणखी एक गोष्ट हिशेबात धरा : खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०११ ची नोंदणी २०२६ मध्ये संपते, त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे चोक, कॅप, वायर, जेट आणि मडगार्डचे रबर एवढ्यावर गाडी सुधारली, तर ती ठेवा आणि नूतनीकरण करून घ्या. कम्प्रेशनचे माप वाईट आले, तर मोठ्या दुरुस्तीचा आणि नूतनीकरणाचा खर्च एकत्र मांडूनच भावाशी बोला. वडिलांची गाडी म्हणून तिच्यात जीव गुंतणे स्वाभाविक आहे, परंतु तो हिशेब कागदावर वेगळा ठेवा.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा ‘गाडी सर्व्हिसिंग करून द्या’ असे सांगू नका. वही दाखवा आणि चिठ्ठीवर क्रमाने लिहून द्या : प्लग कॅप बदलणे, वायरीचे टोक छाटणे, गॅप मापणे, पायलट जेट काढून दाखवणे, टॅपेट थंड इंजिनावर मापणे. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा. एका वेळी एकच दुरुस्ती करून घ्या आणि पुढच्या दोन सकाळी वहीत नोंदवा, म्हणजे कशाने गुण आला ते कळेल. गाडी धुताना प्लग, चावीचे स्विच आणि फिल्टरच्या पेटीवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, हेही त्यांना सांगून ठेवा. आणि धुक्यातले मिसिंग पुरते थांबेपर्यंत, शक्य असेल त्या दिवशी सकाळची एसटी धरा. रात्रीची तपासणी आणि कॅप एवढे काम तर येत्या रविवारीच होऊन जाईल.